शहराच्या पाणीवाहिन्यांची पुढची तीस वर्षे संगणकावर कशी चालवून पाहावीत

पाणीपुरवठा योजनेचा अहवाल उघडला की लोकसंख्येचे तीन आकडे ठळक दिसतात: आजचा, मधल्या टप्प्याचा आणि तीस वर्षांनंतरचा. पाइपांचे व्यास ठरतात ते शेवटच्या आकड्यावर. त्या दरम्यानच्या प्रत्येक वर्षी जाळ्याचे काय होईल, याबद्दल अहवाल फारसे बोलत नाही. लोकांना पाणी मात्र त्याच वर्षांत लागते. लाइन जुनी होते, आतून खरखरीत होते, फुटते, दुरुस्त होते. शेजारच्या शेतजमिनीवर इमारती उभ्या राहतात आणि त्यांना त्याच लाइनवरून जोडण्या दिल्या जातात. या वर्षी घेतलेला निर्णय पुढच्या वर्षीचे जाळे बदलून टाकतो. म्हणून फक्त शेवटच्या वर्षाचे गणित करून भागत नाही, वर्षामागून वर्ष चालवून पाहावे लागते.

मुंबईकडे पाहिले की हे पटते. विहारचे पाणी १८६० मध्ये आले, तुळशीचे १८७९ मध्ये, तानसाचे १८९२ मध्ये, आणि मध्य वैतरणा धरण पूर्ण झाले २०१४ मध्ये. प्रत्येक नवी व्यवस्था आधीच्या व्यवस्थेला जोडून उभी राहिली. कोणतेही शहर कोऱ्या कागदावर पाणी योजना आखत नाही.

हा लेख नगरपालिकेतले अभियंते, स्थापत्य आणि पर्यावरण अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि पाण्याच्या प्रश्नावर काम करणारे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. पायथनची तोंडओळख आणि हायड्रॉलिक्सचा पाया एवढे हाताशी असले की पुरे.

साधने

दोन साधने लागतात आणि दोन्ही मोफत आहेत. पहिले ईपानेट. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ते १९९३ मध्ये खुले केले आणि आज जगभर पाणीवाटपाचे गणित त्यावर होते. त्याची २.२ किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या. कारण पुढे येईल. दुसरे डब्ल्यूएनटीआर हे पायथनचे पॅकेज. ते ईपानेटची आयएनपी फाइल (जिच्यात जाळ्याची सगळी माहिती असते) वाचते, बदलते आणि चालवते. नकाशासाठी क्यूजीआयएस सोबतीला ठेवा.

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठात शहराची वाढ आणि जलवाहिन्यांचे जाळे एकत्र पुढे नेणारी डायनामाइंड नावाची चौकट तयार झाली आहे. तिच्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. पण सुरुवात करणाऱ्याने स्वतःचे छोटे चक्र स्वतः लिहावे असे माझे मत आहे. कोणता आकडा कुठून आला, हे त्याशिवाय कळत नाही.

पहिली पायरी: प्रश्न लिहून काढा

'शहराचे भविष्य पाहू' हा प्रश्न नव्हे. 'दरवर्षी दोन किलोमीटर पाइप बदलण्याइतकाच पैसा आहे. कोणते पाइप आधी बदलले तर शेवटच्या टोकाचा दाब तीस वर्षे टिकेल?' हा प्रश्न आहे. प्रश्न असा नेमका असला की कोणती माहिती जमवायची आणि कोणती सोडून द्यायची, हे आपोआप ठरते.

दुसरी पायरी: माहिती

सर्वात जास्त वेळ इथे जातो, आणि तो जाऊ द्यावा. प्रत्येक पाइपासाठी पाच गोष्टी हव्यात: लांबी, व्यास, कशाचा आहे (सीआय म्हणजे ओतीव लोखंड, डीआय म्हणजे डक्टाइल लोखंड, एसी म्हणजे अॅस्बेस्टॉस सिमेंट, एचडीपीई म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिक), टाकल्याचे वर्ष आणि आजवर किती वेळा फुटला. पहिल्या तीन गोष्टी नकाशावर मिळतात. चौथी बहुधा मिळत नाही. अशा वेळी त्या भागाच्या ले-आउटला मंजुरी कधी मिळाली, उंच टाकी कधी बांधली, रस्ता काँक्रीटचा कधी झाला, यावरून वर्षाचा अंदाज बांधता येतो. अंदाज असेल तर 'अंदाज' असा वेगळा रकाना ठेवा. पुढे हाच रकाना उपयोगी पडतो.

पाचवी गोष्ट दुरुस्तीच्या रजिस्टरात आणि वॉलमनच्या डोक्यात असते. वॉलमनसोबत नकाशा घेऊन बसा. कोणता वॉल्व्ह अर्धाच उघडतो, कोणती लाइन कागदावर आहे पण प्रत्यक्षात बंद केलेली आहे, कोणत्या गल्लीत दर उन्हाळ्यात खोदावे लागते, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. काळ्या मातीच्या भागात ही चौकशी विशेष बारकाईने करा. ती माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि एसीसारख्या ठिसूळ पाइपांना मोडते.

जमिनीच्या उंचीबाबत एक इशारा. उपग्रहावरून घेतलेले मोफत उंची नकाशे काही मीटर चुकू शकतात. आपल्याकडे एकमजली घरासाठी ७ मीटर आणि दुमजलीसाठी १२ मीटर शिल्लक दाब (म्हणजे जोडणीपाशी पाणी जितके उंच चढू शकेल तेवढा) धरण्याचा प्रघात आहे. सात मीटरचा निकष तपासताना उंचीतच चार मीटरची चूक असेल, तर सगळे उत्तर वाया गेले. टाक्यांच्या, टोकांच्या आणि उंचवट्यांच्या लेव्हल प्रत्यक्ष घ्याच.

तिसरी पायरी: आजचे जाळे उभे करा आणि जुळवा

ईपानेटमध्ये नवी फाइल उघडताच प्रवाहाचे एकक एलपीएस (सेकंदाला लिटर) करा. मूळ सेटिंग गॅलनचे असते आणि ते तसेच राहिले तर व्यास इंचात आणि लांबी फुटात धरली जाते. घर्षणासाठी हेझन-विल्यम्सचे सूत्र निवडा. त्यातला सी गुणांक पाइपाचा गुळगुळीतपणा सांगतो. सी जितका मोठा तितका घर्षणाने जाणारा दाब कमी.

मग टोकाच्या सात-आठ जागी प्रेशर गेज लावून पुरवठ्याच्या वेळेतला दाब मोजा आणि मॉडेलशी ताडून पाहा. फरक पडला की लगेच सी बदलत सुटू नका. जुळवताना एखाद्या लाइनचा सी ४० वगैरे येऊ लागला, तर आधी वॉल्व्ह तपासा. अर्धवट बंद वॉल्व्ह मॉडेलमध्ये नेमका अशा खराब पाइपासारखा दिसतो. पाइप बदलण्याचा लाखोंचा खर्च एका चावीच्या फेऱ्यात वाचू शकतो.

चौथी पायरी: माणसे किती आणि कुठे

इथे बदलापूरचे उदाहरण घेऊ. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या ९८ हजारांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. दहा वर्षांत पावणेदोन पटींहून जास्त.

दर दशकात तेवढीच माणसे वाढतील, म्हणजे सुमारे ७६ हजार, असे धरले तर २०५१ मध्ये लोकसंख्या ४ लाख ७९ हजारांच्या आसपास येते. वाढीचा दर तोच राहील असे धरले तर तीच संख्या १७ लाख ४० हजारांवर जाते. माणशी १३५ लिटरने पहिल्या अंदाजाला सुमारे ६५ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) पाणी लागेल, दुसऱ्याला सुमारे २३५ एमएलडी. दोन्ही पद्धती पाठ्यपुस्तकातल्या, दोन्हींचा आधार तेच दोन आकडे, आणि उत्तरांत साडेतीन पटींहून अधिक फरक!

खरी वाढ या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असेल. मोकळी जमीन संपत येते तशी वाढ मंदावते, त्यामुळे एस आकाराचा लॉजिस्टिक वक्र जास्त पटण्यासारखा असतो. पण त्याची कमाल मर्यादा विकास आराखड्यावर, चटईक्षेत्र निर्देशांकावर आणि रेल्वेच्या सोयीवर ठरते. म्हणून एक आकडा निवडण्याच्या फंदात पडू नका. कमी, मध्यम, जास्त असे तीन वक्र घ्या आणि तिन्ही चालवा.

माणसे कुठे वाढतील हे तितकेच महत्त्वाचे आहे. जुन्या गावठाणात फार कमी वाढतात, स्टेशनजवळ जुन्या बंगल्यांच्या जागी इमारती येतात, कडेला नव्या वसाहती होतात. विकास आराखड्यातले प्रत्येक क्षेत्र क्यूजीआयएसमध्ये घेऊन त्याची कमाल क्षमता लिहा आणि दरवर्षीची वाढ उरलेल्या क्षमतेच्या प्रमाणात वाटा.

बंगल्याची इमारत होते तेव्हा पाण्याची मागणी वाढते आणि तिचे स्वरूपही बदलते. बंगल्याला वरच्या टाकीपर्यंत चढणारा दाब लागतो. इमारतीला खाली सम्प (जमिनीखालची टाकी) असतो, त्यामुळे तिला थोडाही दाब पुरतो आणि पुरवठ्याच्या वेळेत ती जमेल तितके पाणी ओढून घेते. तिच्या पुढच्या घरांचा दाब त्यामुळे पडतो. मॉडेलमध्ये अशा जोडणीला कमी आवश्यक दाब द्या. ही एक गोष्ट धरली नाही तर टोकाची टंचाई मॉडेलमध्ये दिसतच नाही.

पाचवी पायरी: पाइपांचे म्हातारपण

मॉडेल खऱ्या अर्थाने काळाबरोबर चालू लागते ते इथे. पाइप तीन प्रकारे म्हातारा होतो आणि तिन्हींची गणिते वेगळी आहेत.

पहिला प्रकार, आतला खरखरीतपणा. अस्तर नसलेल्या सीआय पाइपात गंजाचे फोड येतात. शार्प आणि वॉल्स्की यांनी १९८८ मध्ये दिलेले सूत्र सोपे आहे:

सी = १८ − ३७.२ × लॉग [(सुरुवातीचा खरखरीतपणा + वार्षिक वाढ × वर्षे) ÷ व्यास]

लॉगचा पाया १० आणि सगळी मापे मिलिमीटरमध्ये. १५० मिमीचा पाइप घ्या. सुरुवातीचा खरखरीतपणा ०.१८ मिमी, तेव्हा सी येतो १२७. दरवर्षी ०.०५ मिमी वाढ धरली तर ४० वर्षांनी सी ८६. आता याच पाइपाच्या ५०० मीटर लांबीतून सेकंदाला १० लिटर पाणी जात असेल, तर नवा असताना सुमारे १.४ मीटर दाब खर्च होतो आणि ४० वर्षांनी २.८ मीटर. दरम्यान वस्ती वाढून प्रवाह १४ लिटर झाला असेल तर ५.३ मीटर. टोकाला ७ मीटर हवे असताना एका लाइनीने चार मीटर जास्तीचे खाल्ले. वाढती वस्ती आणि वाढते वय यांचा गुणाकार होतो, म्हणूनच काही वस्त्यांचे पाणी दोन-तीन वर्षांत अचानक गेल्यासारखे वाटते.

सिमेंटचे अस्तर असलेल्या डीआयला आणि एचडीपीईला हे सूत्र लावू नका. त्यांचा सी जवळजवळ तसाच राहतो. त्यांचे दुखणे सांध्यांत आणि इतरांनी केलेल्या खोदकामात असते.

दुसरा प्रकार, फुटणे. शमीर आणि हॉवर्ड यांनी १९७९ मध्ये मांडले की फुटण्याचे प्रमाण वयाबरोबर चक्रवाढीने वाढते. आज दर किलोमीटरला वर्षात ०.२ वेळा फुटत असेल आणि वाढीचा दर ०.०५ असेल, तर २० वर्षांनी ते प्रमाण ०.५४ होते. त्या वेळी ४०० मीटरचा एखादा पाइप वर्षभरात निदान एकदा फुटण्याची शक्यता सुमारे १९ टक्के. संगणकाने दरवर्षी प्रत्येक पाइपासाठी या प्रमाणात पॉइसाँ वितरणातून (अधूनमधून घडणारी घटना किती वेळा घडेल याची शक्यता सांगणाऱ्या) आकडा काढायचा. वाढीचा दर तुमच्या रजिस्टरातून काढा, पाइपाच्या प्रकारानुसार वेगळा. परदेशी शोधनिबंधातला दर तसाच उचलू नका. तिथली माती वेगळी, आणि तिथे पाणी चोवीस तास असते. आपल्याकडे रोज भरणारी आणि रिकामी होणारी लाइन जास्त हाल सोसते.

तिसरा प्रकार, न दिसणारी गळती. मोठी फूट रस्त्यावर दिसते आणि काही दिवसांत बुजवली जाते. बारीक गळती वर्षानुवर्षे चालू राहते. ६ मिमीचे एक भोक, लाइनीत २० मीटर दाब: सेकंदाला सुमारे एक तृतीयांश लिटर. चोवीस तास दाब असेल तर दिवसाला २९ हजार लिटर, म्हणजे २१५ माणसांचे पाणी. मॉडेलमध्ये प्रत्येक पाइपामागे 'गळतीचे क्षेत्रफळ' हा आकडा ठेवा, दरवर्षी थोडा वाढवा आणि पाइप बदलला की शून्यावर आणा. डब्ल्यूएनटीआरमध्ये नोडला (पाइप जिथे एकमेकांना जोडले जातात त्या बिंदूला) असे क्षेत्रफळ थेट देता येते. पाइपाची गळती त्याच्या दोन टोकांना निम्मी निम्मी वाटा.

सहावी पायरी: वर्षाचे चक्र

या मॉडेलमध्ये दोन घड्याळे आहेत. ईपानेटचे घड्याळ तासांचे, एका दिवसाचे चोवीस तास चालवणारे. तुमच्या पायथनचे घड्याळ वर्षांचे. प्रत्येक वर्षी पुढील क्रम पाळा:

१. त्या वर्षाची लोकसंख्या क्षेत्रांत वाटा आणि नोडची मागणी बदला.
२. नव्या वस्तीसाठी रस्त्यांच्या कडेने नवे पाइप जोडा. व्यास १००, १५०, २०० असे बाजारात मिळणारेच.
३. सगळ्या पाइपांचे वय एकाने वाढवा, सी नव्याने काढा.
४. कोणते पाइप फुटले ते ठरवा, गळती वाढवा.
५. चोवीस तासांचे हायड्रॉलिक गणित चालवा.
६. निकाल नोंदवा.
७. बजेटप्रमाणे पाइप बदला; हा बदल पुढच्या वर्षी लागू होईल.
८. त्या वर्षाची आयएनपी फाइल वर्षाच्या नावाने साठवा.

सातवा टप्पा सहाव्यानंतरच हवा. त्या वर्षी काय दिसले यावरूनच अभियंता निर्णय घेतो. भविष्य आधीच ठाऊक असल्यासारखा निर्णय मॉडेलने घेतला तर निकाल उगाच चांगला दिसतो.

पाचव्या टप्प्यासाठीच २.२ आवृत्ती हवी होती. जुनी पद्धत मागितलेले सगळे पाणी मिळालेच असे धरते आणि मग टोकाला उणे दाब दाखवते. नव्या पद्धतीत दाब पुरेसा नसेल तर पाणी कमी मिळते. आवश्यक दाब १२ मीटर, किमान शून्य आणि घातांक ०.५ असेल, तर ६ मीटर दाबाला मागणीच्या सुमारे ७१ टक्के पाणी मिळते. मात्र ईपानेटमध्ये आवश्यक दाब सगळ्या जाळ्याला एकच द्यावा लागतो. डब्ल्यूएनटीआरच्या स्वतःच्या गणनयंत्रात तो प्रत्येक नोडला वेगळा देता येतो. सम्प असलेल्या इमारतींसाठी तेच वापरा.

तुमच्याकडे दिवसाआड पाणी येत असेल तर प्रत्येक नोडला एक छोटी टाकी जोडा: पुरवठ्याच्या दोन-तीन तासांत भरणारी, दोन दिवसांच्या गरजेएवढी. टाकी भरली की प्रवाह थांबतो. आपल्याकडची घरे अशीच वागतात. लाइन रिकामी असताना ती भरायला लागणारा वेळ ईपानेट दाखवत नाही, हे ध्यानात ठेवून पहिल्या अर्ध्या तासाचे निकाल जपून वापरा.

सातवी पायरी: धोरणे लढवून पाहा

पाइप बदलण्याचे निदान तीन नियम लिहा: सर्वात जुना आधी, सर्वाधिक फुटणारा आधी, आणि बंद पडला तर सर्वाधिक लोकांचे पाणी तुटेल तो आधी. तिसऱ्यासाठी एकेक पाइप बंद करून जाळे चालवावे लागते, वेळ लागतो, पण तो यादीत असलाच पाहिजे. वयानुसार बदलणे सर्वांना न्याय्य वाटते, पण जुना सीआय पाइप चांगल्या मातीत आरामात टिकतो आणि त्याच्यापेक्षा तरुण एसी पाइप दर वर्षी खड्डा मागतो.

फुटणे नशिबावर असल्याने एकदाच चालवलेल्या मॉडेलवर विश्वास ठेवता येत नाही. प्रत्येक धोरण निदान २०० वेळा चालवा. पाइप टाकल्याचे वर्ष 'अंदाज' रकान्यात असेल, तर दर वेळी तेही पाच-सात वर्षे पुढेमागे होऊ द्या. तिन्ही धोरणांना यादृच्छिक आकड्यांचे तेच २०० संच द्या, म्हणजे नशीब सर्वांना सारखे मिळेल आणि दिसणारा फरक धोरणाचाच असेल. तीस वर्षे, २०० वेळा, तीन धोरणे: १८ हजार दिवसांचे गणित. एका दिवसाला दोन सेकंद धरले तर दहा तास. लोकसंख्येचे तिन्ही वक्र घेतले तर तीस तास. शनिवारी लावून ठेवा.

निकाल वाचताना सरासरी दाब पाहू नका. शहराची सरासरी टाकीजवळच्या घरांमुळे नेहमीच छान येते. गर्दीच्या तासात ७ मीटरपेक्षा कमी दाब असलेल्या घरांची संख्या काढा आणि सर्वात वाईट दहा नोडचा आलेख वेगळा काढा. त्या नोडवर माणसे राहतात आणि बहुतेकदा टँकरचे पैसेही तीच भरतात. एखादे धोरण मध्यम वाढीत सर्वोत्तम पण जास्त वाढीत कोसळणारे असेल, तर मी त्यापेक्षा तिन्ही वक्रांत बऱ्यापैकी टिकणारे धोरण निवडेन.

आठवी पायरी: आधी भूतकाळ चालवा

तीस वर्षे पुढे जाण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे मागे जा. तेव्हाचे जाळे घ्या, त्या काळची खरी लोकसंख्या भरा आणि आजपर्यंत चालवा. मॉडेलने दाखवलेल्या फुटण्याच्या जागा आणि प्रमाण रजिस्टराशी प्रभागवार ताडून पाहा. एकूण संख्या जुळली पण प्रभाग जुळले नाहीत, तर बहुधा माती किंवा वाहतुकीचा भार राहून गेला आहे. फुटी जुळत नाहीत म्हणून सी बदलू नका. फुटण्याचा दर बदला. एका दोषासाठी दुसराच आकडा वाकवला की पुढची सगळी वर्षे बिघडतात.

हे जुळले की मॉडेल पाणीपुरवठा विभागाच्या हाती द्या, सोबत अंदाज रकान्याची यादी आणि गृहीतकांचे एक पान. दर वर्षी पावसाळा संपला की वर्षभरातल्या फुटी, नव्या जोडण्या आणि बदललेले पाइप त्यात भरायचे आणि चक्र पुन्हा चालवायचे. पुढच्या जनगणनेचे प्रभागवार आकडे हाती आले की चौथ्या पायरीपासून सगळे नव्याने करायचे.